डाकोटा बघायला निघालास? मग एवढं कर

डाकोटा म्हणजे पंख्याच्या दोन इंजिनांचं जुनं वाहतुकीचं विमान. तेव्हा आधी डोक्यातून सुखोईसारखं लढाऊ जेट काढ. नवखी पोरं जेटमागे पळतात आणि डाकोटा उतरतो तेव्हा वडापावच्या रांगेत असतात! वायुसेनेच्या जुन्या विमानांच्या ताफ्यात 'परशुराम' हा डाकोटा २०१८ साली आला. २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख पलटणीला श्रीनगरात उतरवणारी विमानं याच जातीची. जमिनीवर तो शेपटीच्या चाकावर टेकून, नाक वर करून बसतो. इंजिन सुरू होताना हलू नकोस: आधी धूर, अडखळता आवाज, मग सगळे सिलिंडर एका लयीत. मोबाईलमध्ये ती मजा येत नाही.

फोटो काढायचेच तर:
- शटरचा वेग १/२५० सेकंदाच्या आसपास. १/२००० ला फोटोत पंखा थिजतो आणि विमान आभाळात टांगल्यासारखं दिसतं.
- महागडी लेन्स आत्ताच घेऊ नकोस.

एरो इंडिया हे विमानांचं मोठं प्रदर्शन दोन वर्षांतून एकदा, बंगळुरूजवळ येलहंकाला. सोलापूरहून उद्यान एक्स्प्रेस थेट जाते. जुनी विमानं दर वेळी उडतीलच असं नाही, कार्यक्रम आधी बघ. उन्हाचं सोलापूरकराला काय सांगायचं! पण कानात घालायला बोळे घे, जेटचा आवाज वेगळाच असतो.