अशोक चक्र फक्त सैनिकांनाच मिळतं का?

नाही. हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो, कारण नाव परमवीर चक्राच्या जोडीनं घेतलं जातं. परमवीर चक्र शत्रूसमोरच्या शौर्यासाठी; अशोक चक्र त्याखेरीजच्या शौर्यासाठी किंवा आत्मबलिदानासाठी. ते पोलिसांना, अगदी सामान्य नागरिकांनाही मिळू शकतं. 1952 साली सुरू झालं तेव्हा त्याचे तीन वर्ग होते. 1967 मध्ये त्यांना अशोक चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र अशी वेगळी नावं मिळाली.

आपल्याकडचं उदाहरण तुकाराम ओंबळे. साताऱ्याच्या केडंबे गावचे, मुंबई पोलिसांत सहायक उपनिरीक्षक. 26/11 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर त्यांच्या हातात फक्त लाठी होती. समोर कसाबची एके-47. त्यांनी तिची नळीच धरली, गोळ्या अंगावर झेलल्या, पण सोडली नाही. म्हणूनच कसाब जिवंत सापडला. त्यांना 2009 मध्ये मरणोत्तर अशोक चक्र मिळालं.

आणि नीरजा भनोत तर विमानातली कर्मचारी! 1986 साली कराचीत अपहरणकर्त्यांपासून प्रवाशांना वाचवताना गेली, तेविसाव्या वाढदिवसाच्या दोनच दिवस आधी.