पाडव्याआधी जुनी खाती मिटव

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

घणसोलीची खोली सोडून तू ऐरोलीला आलास, नोकरीही बदललीस. पाडव्यापासून सगळं नव्याने सुरू करायचं म्हणतोस, त्याचा फार आनंद झाला. पण पैशाचं भिजत घोंगडं विसरून सुटत नाही, ते कागदावर मिटवावं लागतं. त्यासाठी पाडव्याआधीचे दोन रविवार मोकळे ठेव.

सुरुवात क्रेडिट कार्डापासून कर. कार्ड वापरणं थांबवलंस, पण दर महिन्याला नुसती किमान रक्कम भरतोस. 50,000 रुपये बाकी आणि महिन्याला साडेतीन टक्के व्याज धर. तू भरलेल्या 2,500 मधले 1,750 व्याजात जातात, त्या व्याजावर 18 टक्के जीएसटीचे 315. मुद्दल उतरतं अवघं 435 रुपयांनी! बँकेतली ठेव मोडायला जीव होणार नाही, तरी मोड. सात टक्के मिळवण्यासाठी वर्षाला चाळीसच्या वर भरत राहणं हा तोट्याचाच व्यवहार आहे.

भरताना बिलावरचा आकडा धरू नकोस. बिल निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचं व्याज पुढच्या बिलात येतं आणि संपलेलं खातं पुन्हा उघडं राहतं. कस्टमर केअरला त्या दिवसाची पूर्ण बाकी विचार. त्याआधी कार्डाला जोडलेली मोबाइलची, ओटीटीची वर्गणी काढून टाक. बाकी शून्य झाली की कार्ड बंद करण्याची विनंती लेखी दे. सात कामकाजाच्या दिवसांत बंद केलं नाही, तर बँकेला दिवसाला 500 रुपये तुला द्यावे लागतात. वसुलीवाला ‘निम्मे भरा, मिटवून टाकू’ म्हणाला तर मोह आवर. तशी तडजोड क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे तुझ्या कर्जफेडीच्या नोंदींमध्ये, ‘सेटल्ड’ म्हणून नोंदली जाते आणि उद्या घरासाठी कर्ज मागशील तेव्हा आडवी येते.

जुन्या कंपनीचा पीएफ काढू नकोस, नव्या खात्यात वळव. पाच वर्षांची सलग नोकरी होण्याआधी काढलास तर त्यावर कर लागतो. पगाराचं जुनं खातं बंद करण्याआधी एसआयपी आणि विम्याचे हप्ते दुसऱ्या खात्याला जोड, स्टेटमेंट उतरवून घे.

आता खोलीच्या डिपॉझिटमधले रूम पार्टनरकडे अडकलेले तुझे पैसे. हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण रकमेपेक्षा तुझी झोप त्यात जास्त जाते आहे. एकदाच, स्पष्ट मेसेज कर: रक्कम किती, कशाची, कोणत्या तारखेपर्यंत हवी. एकदम जमत नसेल तर हप्ते ठरव, तेही लिहून घे. अशा येणे रकमेसाठी दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते, म्हणून तारीख लेखी असलेली बरी. एवढं करूनही तो दाद देत नसेल आणि रक्कम झेपण्यासारखी असेल, तर सोडून दे आणि त्यालाही तसं कळव. पैसेही सोडायचे आणि चारचौघांत त्याचा विषयही काढायचा, असं मात्र करू नकोस.

कार्ड बंद झाल्यावर दीड महिन्याने क्रेडिट रिपोर्ट काढ. तो बनवणाऱ्या चारही कंपन्या वर्षातून एकदा तो फुकट देतात. खातं अजून चालू दिसलं तर तिथेच तक्रार नोंदव. 30 दिवसांत निकाल लागला नाही, तर दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते.

येत्या शनिवारी नौपाड्याला घरी ये. कार्डाची शेवटची तीन बिलं बरोबर आण, आकडे मिळून तपासू.

तुझा,
काका