जुनी गाणी परत रेकॉर्ड करताय? आधी जुनी टेप कॉम्प्युटरवर उतरवून घ्या

एखाद्या जुन्या गॉथिक-इलेक्ट्रॉनिक बँडने स्वतःचीच गाणी नव्याने रेकॉर्ड केली की आपल्याकडची सिंथवाली (म्हणजे सिंथेसायझर, इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड वाजवणारी) पोरं मला विचारायला लागतात की आपणही आपली जुनी गाणी परत करावी का, आणि हल्ली ऑर्केस्ट्रावाले, अहिराणी गाणी करणारे पण तेच विचारतायत. घोळ सगळ्यांचा एकच, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

रिमास्टर आणि रि-रेकॉर्डिंग एकच ना? (भुसावळ)

नाही. रिमास्टर म्हणजे जुनंच रेकॉर्डिंग साफसूफ करून परत काढणं, रि-रेकॉर्डिंग म्हणजे परत पहिल्यापासून गायचं-वाजवायचं.

नवीन काही सुचत नाही म्हणून करतात असं ऐकलं, खरंय का? (धुळे)

कोणाकडून ऐकलं भाऊ? बऱ्याचदा मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, कॅसेट कंपनीकडे अडकलेलं असतं, नाहीतर स्टेजवर वाजवून वाजवून गाणंच बदललेलं असतं. इंग्लंडातल्या लीड्सच्या सिस्टर्स ऑफ मर्सी या बँडचं बघा, ढोलकीला माणूसच नाही, ड्रम मशिन, आणि त्याला नाव दिलेलं डॉक्टर ॲव्हलांच. त्यांनी १९८३ चं 'टेम्पल ऑफ लव्ह' १९९२ मध्ये परत केलं आणि ऑफ्रा हाझा या इस्रायली गायिकेला गायला घेतलं, तो आवाज आला आणि गाणं कुठल्या कुठे गेलं. पण त्याच वर्षी जुन्या गाण्यांचा जो संग्रह काढला त्यात १९८३ चं रेकॉर्डिंग होतंच. म्हणजे नवीन आलं म्हणून जुनं कोणी फेकलं नाही. क्राफ्टवर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडने १९९१ मध्ये जुनी गाणी डिजिटलवर नव्याने बांधली, तरी त्यांचे जुने अल्बम आजही मिळतात.

आमच्या १९९६ च्या गाण्यांच्या कॅसेट, एक एडॅट टेप आणि बंद पडलेला सिंथ माळ्यावर आहे. आता सगळं नवीनच करणार, तर भंगारात देऊ का? (अमळनेर)

नका देऊ. हात जोडून सांगतो, नका देऊ.

मागच्या पावसाळ्यानंतर एकाने अशीच कॅसेट आणली होती. उजेडात धरली तर रिळाच्या कडेला पांढरी बुरशी, आतलं फेल्टचं बारकं पॅड गळून पडलेलं, आणि त्याने घरी 'चालते का बघू' म्हणून ती तीनदा वाजवली होती, बुरशी हेडवर (डेकमधला टेप वाचणारा भाग) आणि तिथून दुसऱ्या दोन कॅसेटवर. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, पत्र्याखालचा माळा म्हणजे भट्टीच, आणि वर पावसाळ्याची ओल. काही स्टुडिओ टेपमध्ये चुंबकी भुकटी धरून ठेवणारा थर हवेतली ओल पितो आणि चिकट होतो, मग वाजवताना ती तपकिरी भुकटी हेडवर खरवडून येते. ती भुकटी म्हणजेच तुमचं गाणं. अशी टेप ५४ अंशाच्या आसपास काही तास तापवून एकदा वाजवण्याइतपत सुधारता येते, पण सगळ्याच टेपला हा उपाय चालत नाही, म्हणून घरच्या ओव्हनमध्ये असले प्रयोग करायचेच नाहीत.

एडॅट दिसायला व्हिडिओ कॅसेटच असते पण तिच्यात आठ वेगवेगळे डिजिटल ट्रॅक असतात, म्हणजे आवाज वेगळा, बेस वेगळा, सिंथ वेगळा. रि-रेकॉर्डिंगला यापेक्षा मोठी मदत कुठली? आणि ती वाजवणारी चालू मशिन दरवर्षी कमी होतायत. सिंथमध्ये बहुतेक बटणाच्या आकाराचा सेल असेल, तो मेला की तुम्ही बनवलेले आवाज पुसले जातात, म्हणून सेल बदलायच्या आधी, अजून वाचत असतील तर, मिडीवरून (सिंथ कॉम्प्युटरला जोडायची सोय) आवाज काढून ठेवायचे.

आमच्या पहिल्या बँडची स्पूल, म्हणजे मोठ्या रिळाची टेप, एका स्टुडिओने आम्हाला न विचारता पुसून तिच्यावर दुसऱ्याची भजनं भरली होती. ती गाणी आता कुठेच नाहीत, आम्ही परत वाजवली पण त्यातला एक जण हयात नाही, त्याचा हात कुठून आणायचा?

काही वाजवू नका, उभं ठेवा, कोरड्या खोलीत ठेवा आणि याच महिन्यात टेप उतरवणाऱ्या माहितगार माणसाला दाखवा. दिवाळीनंतर बघू, असं म्हणू नका.

एआयने एमपीथ्रीतून ओरिजिनल मास्टर काढून देतो म्हणतात, देऊ का पैसे? (शहादा)

नका देऊ. आवाज आणि वाद्यं बऱ्यापैकी वेगळी होतात हे खरं, पण एमपीथ्री करताना जे टाकून दिलंय ते परत येत नाही. ते मास्टर नाही.

कॅसेट कंपनीने काढली होती. आम्हीच परत गायलो तर केस होईल का? (चाळीसगाव)

गाणं वेगळं आणि रेकॉर्डिंग वेगळं, कायद्यात दोघांचे हक्क वेगळे. रेकॉर्डिंगचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो, म्हणून जुन्या कॅसेटचा एक तुकडासुद्धा नव्या गाण्यात घालू नका. शब्द-चाल दुसऱ्याची असेल तर कॉपीराइट कायद्यातलं कलम ३१सी आहे, त्याने परत गायची मुभा मिळते, पण पहिल्या रेकॉर्डिंगचं वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबायचं, आधी नोटीस, आधी रॉयल्टी. शब्द-चाल तुमचीच असली तरी तेव्हा सही केलेल्या कागदात काय लिहून दिलंय ते बघावं लागेल. तो कागद शोधा आणि कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाला दाखवा, ऑर्केस्ट्रातल्या मित्राला नाही.

कॅसेटवर आमचं गाणं अर्धा सूर चढं वाजतं, नवीन कुठल्या पट्टीत करू? (नंदुरबार)

कॅसेट वाजवणारा डेक जोरात पळतोय बहुतेक. कॅसेटचा वेग सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर असतो, बेल्ट-मोटरमध्ये खोट असली की सूर आणि लय दोन्ही सरकतात. आधी दुसऱ्या चांगल्या डेकवर लावून घ्या, पट्टी त्यानंतर ठरवा.