कोर्ट फी माफ आहे, पण मागितल्याशिवाय नाही

प्रश्न : मी जुना विडी घरकुल भागात राहते. घटस्फोट, पोटगी आणि नवऱ्याकडे राहिलेले आठ तोळे दागिने, या तिन्हींसाठी सोलापूरच्या कौटुंबिक न्यायालयात अर्ज करायचा आहे. फी किती लागेल?

उत्तर : तुम्ही महिला पक्षकार आहात, त्यामुळे कोर्ट फी लागणार नाही. महाराष्ट्र कोर्ट फी अधिनियम, १९५९ च्या कलम ४६ खाली राज्य सरकार फी माफ करू शकतं. त्याच अधिकारात १ ऑक्टोबर १९९४ ला अधिसूचना निघाली आणि पोटगी, मालमत्तेचा वाद, हिंसाचार व घटस्फोट या प्रकरणांत महिलांची फी माफ झाली. मालमत्तेचा वाद इथे वैवाहिक संबंधातून आलेला हवा. भावाशी चाललेली वाटणी यात घुसडू नका.

घोळ होतो तो अर्जातल्या ‘मूल्यांकन व कोर्ट फी’ या परिच्छेदात. माफीच आहे म्हटल्यावर तो कोराच राहतो, किंवा ‘लागू नाही’ एवढंच लिहिलं जातं. मग कार्यालयाची हरकत लागते आणि एक तारीख फुकट जाते. फी माफ असली तरी मूल्यांकन करावंच लागतं. आठ तोळ्यांची यादी द्या : पाटल्या, गंठण, जे असेल ते, प्रत्येकाचं वजन आणि धरलेला भाव. पावत्या असतील तर जोडा, नसतील तर लग्नातले फोटो. त्याखाली अधिसूचनेची तारीख आणि कलम ४६ लिहून माफी मागा.

वकीलपत्रावरचं वकील कल्याण निधीचं तिकीट वेगळ्या कायद्याचं आहे, ते या माफीत बसत नाही. टायपिंग आणि नोटरीचा खर्चही तुमचाच. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिलेला उत्पन्नाची अट नाही. पोटगी मागताय, तर मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र पहिल्याच दिवशी सोबत ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात ते दोन्ही बाजूंना बंधनकारक केलंय.

प्रश्न : आम्ही भरलेल्या फीतून न्यायालयाला समुपदेशक का नेमता येत नाहीत?

उत्तर : कारण ते पैसे न्यायालयाकडे राहतच नाहीत. फी राज्याच्या एकत्रित निधीत जमा होते. खर्च विधी व न्याय विभागाच्या अर्थसंकल्पी मागणीतून, विधिमंडळाच्या मंजुरीने होतो आणि त्याची तपासणी महालेखापाल करतात. समुपदेशक किती असावेत हे कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम ६ प्रमाणे राज्य सरकार उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने ठरवतं. म्हणजे तक्रार न्यायाधीशांकडे करून उपयोग नाही. मंजूर पदं किती, भरलेली किती, तरतूद किती आणि खर्च किती, हे माहिती अधिकाराखाली विभागाच्या माहिती अधिकाऱ्याला विचारा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट अर्जाला लावलं की झालं.

प्रश्न : लोकअदालतीत तडजोड झाली. मी (पती) भरलेली फी परत मिळेल का?

उत्तर : मिळेल, विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ चं कलम २१. पण नुसत्या निवाड्याच्या नकलेवर पैसे मिळत नाहीत. जिथे फी भरली त्याच न्यायालयात अर्ज देऊन परताव्याचा दाखला घ्या आणि फी भरल्याची मूळ पावती जपून ठेवा. या निवाड्यावर अपील नाही, तेव्हा सही करण्याआधी अटी नीट वाचायला हव्या होत्या, एवढंच.