एडिनबर्गच्या किल्ल्यात नोकरी करायची असेल तर

नवऱ्याला एडिनबर्गमध्ये नोकरी मिळालीये, तुमचं इतिहासात एम.ए. झालंय, पुण्यात संग्रहालयात शाळांच्या सहली फिरवल्यात. तर इथल्या किल्ल्यात काम मिळेल का आणि ते करावं का, असं तुम्ही विचारलंय. पाहुण्यांना माहिती आणि मदत देण्याचं हेच काम मी इथे करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी व्हिसा. डिपेंडंट म्हणून, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या आधारे आलात की नोकरीची मुभा मिळते, तुमच्यासाठी हाच रस्ता. या कामाच्या बळावर स्वतंत्र व्हिसा मिळणार नाही. जुलै 2025 पासून नोकरीच्या स्किल्ड वर्कर व्हिसाला पदवीच्या पातळीचं काम आणि सर्वसाधारणपणे वर्षाला किमान 41,700 पौंड पगार लागतो. आमचं काम त्यात बसत नाही, एखादा एजंट काहीही सांगो. पगार किमान वेतनाच्या आसपासच धरून चाला. एप्रिल 2025 मध्ये ते ताशी 12.21 पौंड झालं. एकट्याच्या पगारावर या शहरात घरभाडं भागवणं अवघड आहे.

किल्ल्यात मालक एकच नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. किल्ला हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड ही सरकारी संस्था सांभाळते, आतलं नॅशनल वॉर म्युझियम नॅशनल म्युझियम्स स्कॉटलंडचं आहे, रेजिमेंटची संग्रहालयं आणखी वेगळी. प्रत्येकाच्या जाहिराती आपापल्या साइटवर निघतात. उन्हाळ्याच्या हंगामी जागांसाठी हिवाळ्यातच लक्ष ठेवा.

आता काम. इतिहास सांगायला मिळतो, पण दिवसाचा मोठा भाग टॉयलेट कुठे, कॅफे कुठे, तोफ कधी, यात जातो. एक वाजताची तोफ 1861 पासून उडवतात. लीथ बंदरातल्या जहाजांना घड्याळं लावता यावीत म्हणून ती सुरू झाली. ती रविवारी, गुड फ्रायडेला आणि नाताळला उडत नाही. लांबून आलेल्या कुटुंबाला रविवारी हे सांगताना त्यांचे चेहरे पडतात, तेव्हा त्यांना बघण्याजोगं दुसरं काहीतरी सुचवावं लागतं: मॉन्स मेग ही 1449 ची अजस्र तोफ, किंवा बाराव्या शतकातलं सेंट मार्गारेटचं इवलंसं चॅपल. स्कॉटिश राजांच्या राज्याभिषेकाचा दगड 2024 मध्ये पर्थच्या संग्रहालयात गेला, तरी लोक अजून तो इथेच शोधतात. राजमुकुटाच्या खोलीत फोटोला मनाई आहे. तिथे ड्युटी लागली की 'फोटो नको' हे वाक्य दिवसभर म्हणावं लागतं, आणि शेवटच्या माणसालाही पहिल्याइतक्याच आदराने. माझ्या मते या कामाची खरी पारख इथे होते. ज्यांना फक्त इतिहासाची आवड आहे आणि माणसांची नाही, ते इथे कष्टी होतात.

शरीराचाही विचार करा. चढाचे दगडी रस्ते, तासन्‌तास उभं राहणं, आणि खडकावर कायम वारा. जोराचं वादळ असलं तर किल्ला बंदही ठेवतात. डिसेंबरात पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. युनिफॉर्म मिळेल, पण चांगल्या बुटांवर स्वतःचे पैसे घाला. स्कॉटिश उच्चार कानावर बसायला वेळ लागतो. पुन्हा विचारलं तर कुणी रागवत नाही.

आपल्याला इथे काय जवळचं वाटेल, तेही सांगते. दारासमोरच्या पटांगणात 78 वी हायलँडर्स या स्कॉटिश पलटणीचं स्मारक आहे, भारतातल्या 1857-58 च्या लढायांत पडलेल्यांचं. हीच पलटण 1803 मध्ये आपल्या जालन्याजवळच्या असईला शिंदे-भोसल्यांशी लढली, आणि त्या लढाईच्या नावासह हत्तीचं चिन्ह तिला मिळालं. आपल्याकडचे पाहुणे आले की मी त्यांना आधी तिथे नेते. तिथल्या गोष्टीत आपले लोकही आहेत, हे कुणीतरी सांगायलाच हवं, आणि ते सांगायला तुमच्यासारखी माणसं इथे हवीत.

अर्जात तुमच्या एम.ए.ला फार वजन मिळेल असं धरू नका. प्रश्न असतात ते चिडलेल्या पाहुण्याला कसं सांभाळलंत, सहकाऱ्याला कशी मदत केलीत, असे. शाळेच्या सहलीतलं मूल हरवलं, पाऊस आला, दोन वर्ग एकाच दालनात घुसले, असे प्रसंग तुमच्याकडे असणारच. नेमकं काय केलंत आणि पुढे काय झालं ते आत्ताच इंग्रजीत लिहून ठेवा, आणि पुण्याच्या संग्रहालयाकडून अनुभवाचं पत्र तुम्ही तिथून निघण्याआधीच घ्या. इथून ते मागवणं फार कटकटीचं होतं.