आडनाव राहू दे, आधी तुझं नाव वाचव

प्रश्न असा आहे: "समंथा किंवा प्रियांका चोप्राने सासरचं आडनाव काढलं की लगेच घटस्फोटाच्या बातम्या का येतात? माझं लग्न ठरलंय, मी आडनाव बदलू की नको?"

तू माझ्या मुलीच्या वयाची असशील, म्हणून अगं-तुगं करते.

बातम्यांचं उत्तर सोपं आहे. दक्षिणेतल्या समंथाने जुलै २०२१ च्या अखेरीस सोशल मीडियावरून 'अक्किनेनी' हे सासरचं आडनाव काढलं आणि २ ऑक्टोबरला तिने आणि नवरा नाग चैतन्यने वेगळं होत असल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून या बातमीवाल्यांना चटक लागली. त्याच नोव्हेंबरात प्रियांकाने इन्स्टाग्रामवर नुसतं 'प्रियांका' ठेवलं. आता नीट बघ, तिने 'जोनस' काढलं तसं 'चोप्रा'सुद्धा काढलं होतं. पण तिने आईशी संबंध तोडले असं कुणी म्हटलं का? ओरड झाली ती जोनसचीच. २०२४ मध्ये दुबईतल्या एका कार्यक्रमात पडद्यावर 'ऐश्वर्या राय' एवढंच झळकलं, तेव्हा पुन्हा तेच. तो पडदा काय तिने बसून टाइप केला होता?

माझी नणंद हे सगळं अगदी मन लावून वाचते. दर दिवाळीला तिचं एक वाक्य ठरलेलं: "या नट्या नावं बदलत नाहीत, म्हणून यांचे संसार टिकत नाहीत. जुन्या बघा." जुन्या बघू या की. दुर्गा खोटे माहेरच्या लाड. पहिला नवरा गेल्यावर त्यांनी दुसरं लग्न केलं, तरी पडद्यावर शेवटपर्यंत खोटेच राहिल्या. ललिता पवारांचंही तेच, पवार हे पहिल्या लग्नाचं. मग यात संसार टिकण्याचा हिशोब कसा मांडायचा ते नणंदबाईंनी मला सांगावं. त्या बायकांनी ज्या नावावर कमावलं ते नाव ठेवलं, एवढाच त्यातला अर्थ.

पण तुझ्या प्रश्नात मला खुपलं ते वेगळंच. तू आडनावाचं विचारतेस. अगं, आपल्याकडे आडनाव हा नावाचा तिसरा हिस्सा. मधलं वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं, त्यावर कुणी वादसुद्धा घालत नाही. आणि माझ्यासारखीचं पहिलंही जातं.

माझं लग्न १९९६ चं. माहेर कराडजवळ, सासर कोल्हापूर. माझं नाव सुरेखा, आणि थोरल्या जाऊबाईही सुरेखा. एका घरात दोन सुरेखा नकोत असं मामेसासूबाईंनी ठरवलं. मला कुणी विचारलं नाही. गृहप्रवेशानंतर लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरले आणि आमच्या ह्यांनी अंगठीने नाव लिहिलं. मी समोर बसलेली, अक्षरं मला उलटी दिसत होती. आधी वाटलं 'सारिका' आहे. मग कुणीतरी मोठ्याने वाचलं, "राधिका!" आणि पेढे फिरले. मीही एक खाल्ला. तेवीस वर्षांची होते, बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? सिनेमातल्यासारखं नवीन नाव मिळालं म्हणून मैत्रिणींना पत्रं लिहिली.

रेशनकार्डावर राधिका, मतदार यादीत राधिका, पुढे आधारवर राधिका. सुरेखा फक्त शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उरली.

२०१५ मध्ये वडील गेले. वारस नोंद करायला तलाठ्याकडे गेलो. भावाने यादी दिली होती: आई, तो स्वतः, मी. तलाठी चांगले होते, पण त्यांच्यासमोर कागद होता.

"या सुरेखा कुठं आहेत?"

"मीच."

"आधार तर राधिका म्हणतंय. मग या राधिका कोण?"

"त्याही मीच."

मागे उभी असलेली चार माणसं हसली. भाऊ हसला नाही, खाली बघत राहिला. लग्नाची नोंदणी केलेली नव्हती, त्यामुळे तोही पुरावा नाही. बाहेर चहा पिताना भाऊ म्हणाला, "आक्का, एवढी दगदग कशाला? हक्कसोडपत्र करून टाक की. तुला काय कमी आहे?" तो वाईट नाही. पण माझं नाव जुळत नाही ही अडचण त्याला किती सोयीची पडली, ते त्या चहाच्या टपरीवर मला दिसलं. कायद्याने मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. पण ती मुलगी मीच, हे आधी सिद्ध तर करायला हवं!

मी हट्टाला पेटले. शाळेतून दाखल्याची दुसरी प्रत काढली. एकाच व्यक्तीची दोन नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं. राजपत्रात नाव छापून आणलं. विवाह नोंदणी एकोणीस वर्षांनी केली, त्यासाठी लग्नपत्रिका शोधली. ती सापडली आईच्या ट्रंकेत, पातळाच्या घडीत. त्यावर छापलंय 'चि. सौ. कां. सुरेखा'. अख्ख्या लग्नात माझं खरं नाव असलेली तेवढी एकच वस्तू, आणि तीच कामाला आली. कराडला किती खेपा झाल्या ते मोजायचं मी सोडून दिलं. सातबाऱ्यावर आता 'सुरेखा ऊर्फ राधिका' आहे.

म्हणून २०२४ मध्ये राज्यसभेत जया बच्चन यांना 'जया अमिताभ बच्चन' म्हटलं आणि त्या चिडल्या, तेव्हा मी आधी टाळ्या वाजवल्या. मग सभापती धनखड म्हणाले की निवडणूक प्रमाणपत्रावर तसंच नाव आहे, बदलायची सोय आहे, बदलून घ्या. लोकांनी त्यांना नावं ठेवली. मला मात्र तलाठी आठवले. माणूस कितीही मोठा असो, शेवटी हाक कागदावरचीच येते. जयाबाई बदलूनही घेतील, त्यांच्या दारात दहा माणसं आहेत. माधुरीने 'दीक्षित नेने' असं दोन्ही लावलं, छान दिसतं. पण बँकेच्या फॉर्मवरच्या चौकोनांत तुझं लांबलचक नाव मावेना झालं तर तिथे तू एकटीच उभी असशील.

तर तुझं उत्तर. पहिलं नाव कुणाच्या बापाला बदलू देऊ नकोस. लाडाने काय हाक मारायची ती मारू देत, तांदळातही लिहू देत, पण कागदावर नको. आडनाव बदलण्याची सक्ती करणारा कायदा नाही. पासपोर्टसाठी बदलायची गरज नाही हे एप्रिल २०१७ मध्ये पंतप्रधानांनीच सांगितलं. आपल्या राज्याने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव घालायचं ठरवलं, त्याच निर्णयात बाईला मालमत्तेच्या कागदांवर लग्नाआधीचं नाव लावायची मुभाही आहे. हे मला वीस वर्षं आधी मिळायला हवं होतं. बदलायचंच असेल तर सगळीकडे एकदम बदल, अर्धं इकडे अर्धं तिकडे ठेवू नकोस. आणि लग्नाची नोंदणी पहिल्याच महिन्यात कर.

आता नवऱ्याची बाजू न सांगता थांबले तर अन्याय होईल. ह्यांनी त्या दिवशी मामींनी सांगितलं ते लिहिलं, एवढंच. पुढे कराडच्या प्रत्येक खेपेला रजा टाकून सोबत आले. हौसेने नाव बदललेल्या आणि त्यात सुखी असलेल्या बायकाही मी पाहिल्यात, त्यांच्याशी माझं भांडण नाही. 'राधिका' हे नावही आता माझंच झालंय. रस्त्यात कुणी 'सुरेखा' म्हटलं तर मी पटकन वळत नाही.

हे उत्तर नणंदेला पाठवणार आहे. तिचंही नाव सासरी बदललंय, पण आमच्या घरी अजून सगळे तिला माहेरच्याच नावाने हाक मारतात, आणि ती लगेच ओ देते. तिच्या सासऱ्यांच्या जमिनीचे नाही, तिच्या बापाच्या म्हणजे आमच्या जमिनीचे कागद यंदा व्हायचेत. त्यात तिचं कुठलं नाव घालायचं ते तिने दिवाळीच्या आत कळवावं.