नवऱ्याने कंपनी बदलली, मग तुझ्या एच-४ चं काय?

अगं, पहिलं म्हणजे रडारड थांबव. तुझा एच-४, म्हणजे अमेरिकेत नोकरीला असलेल्याच्या बायकोचा व्हिसा, नवऱ्याच्या कंपनीला नाही, त्याच्या एच-१बी म्हणजे तिथल्या नोकरीच्या स्टेटसला बांधलेला असतो. नव्या कंपनीने त्याच्यासाठी केलेला अर्ज (पिटिशन) मंजूर झाला की पासपोर्टातला तुझा व्हिसा त्यावरच्या तारखेपर्यंत चालतो. जुन्या कंपनीची नोंद असली तरी. त्यामुळे बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत पुन्हा मुलाखतीची धावाधाव नको.

तिकीट मात्र आत्ताच काढू नकोस. नवरा तो अर्ज दाखल होताच नव्या कंपनीत रुजू होऊ शकतो, पण तू नवीन आय-७९७ (अर्ज मंजूर झाल्याचा कागद) हातात येईपर्यंत दादरलाच थांब, आईच्या हातचं खा. त्याची प्रत, नवऱ्याच्या दोन-तीन पे-स्लिप आणि लग्नाचा दाखला हॅन्डबॅगेत ठेव, चेक-इनच्या बॅगेत नाही.

खरी गोम आय-९४ ची, म्हणजे तिकडे कोणत्या तारखेपर्यंत राहता येईल त्या नोंदीची. उतरल्यावर ऑनलाइन काढून तारीख वाच. माझा पासपोर्ट लवकर संपत होता, म्हणून अधिकाऱ्याने तीच तारीख टाकली. व्हिसा पुढे दोन वर्षं होता, मी निवांत! जाग आली तेव्हा अकरा दिवस उरले होते. तुझा पासपोर्ट संपत आला असेल तर इथेच नवा करून घे.

तिकडे असताना आय-९४ संपणार असेल तर मुक्काम वाढवण्याचा फॉर्म आय-५३९ तुझ्या नावाने वेगळा भरावा लागतो, तोही मुदतीआधी. कंपनीचा वकील बायकोचा फॉर्म भरेलच असं नाही. नवऱ्याला स्पष्ट विचारायला लाव.